वाफवलेली माती

माझ्या आत्याच्या घरी पाहुणे फार वेळ टिकत नाहीत. ती प्रेमळ नाही असं नव्हे. आग्रहाने बसवते, चहा करते, बिस्किटं पुढे सरकवते. पण पाहुण्याने कप टेबलावर ठेवला की ती तो उचलते, खालची जागा पुसते आणि कप परत ठेवते. दुसऱ्या घोटानंतर पुन्हा तेच. तिसऱ्या घोटापर्यंत पाहुणा शहाणा होतो आणि कप हातातच धरून बसतो, आणि गरम कप हातात धरून माणूस बसून बसून किती बसणार? मी मात्र तिच्याच घरात, खालच्या मजल्यावर राहते. एका चष्म्याच्या दुकानात काम करते, संध्याकाळी घरी येते आणि दारातच पायपुसण्यावर उभी राहून तपासणीची वाट पाहते. सख्खी भाची असल्यामुळे मला पळून जायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर जायची इच्छाही नाही.

तिला हा रोग नोकरीने लावला, असं आमच्या घरात म्हणतात. मला विचाराल तर रोग आधीपासूनच होता, नोकरीने फक्त त्याला पगार दिला. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात निर्जंतुकीकरणाचा विभाग होता. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या तिथे घासल्या जायच्या, हिरव्या कापडात बांधल्या जायच्या आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घातल्या जायच्या. आत्या तरुणपणी तिथे लागली आणि केस पिकल्यावर तिथूनच निवृत्त झाली. सगळं हॉस्पिटल तिला वाफबाई म्हणायचं. तोंडावरसुद्धा. तिला ते आवडायचं. आपल्या खोलीतून गेलेल्या कात्रीने आजवर कुणाची जखम चिघळली नाही, हे ती सांगते तेव्हा तिची मान आपोआप ताठ होते. अशा बाईला टेबल पुसू नकोस म्हणून सांगणारी मी कोण?

त्या खोलीच्या दारात फरशीवर एक लाल पट्टी रंगवलेली होती. तिच्या पुढे बाहेरचे बूट न्यायचे नाहीत, असा नियम. एके दिवशी चिखलाने भरलेले बूट घालून एक माणूस ती पट्टी ओलांडून थेट आत आला आणि म्हणाला, "बाई, माझी ही कलमाची सुरी जरा वाफेत घालून द्याल का?" तो हॉस्पिटलचा माळी होता. आत्याने त्याला असं काही फैलावर घेतलं, की वरच्या मजल्यावरच्या नर्सेस जिन्यात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. माळी शांतपणे ऐकून घेत होता. तिचा श्वास संपल्यावर म्हणाला, "झाडालासुद्धा जखमच होते ना बाई, कापल्यावर." आत्याने सुरी घेतली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, बूट बाहेर काढून. असे ते आमचे आतोबा झाले.

म्हणजे एक जन्मभर जंतू मारणारी, दुसरा जन्मभर माती कालवणारा. संसार उत्तम झाला, कारण घराची वाटणी पहिल्या महिन्यातच झाली. घर तिचं, मागचं अंगण त्यांचं. अंगणाच्या दारात आत्याने स्वतः लाल रंगाची पट्टी ओढली. आतोबा त्या पट्टीवर बूट काढायचे, हात धुवायचे, आणि मगच त्यांना बायको मिळायची.

आता त्या झाडाबद्दल सांगायला हवं. हॉस्पिटलच्या फाटकाशी एक पाइनचं झाड होतं. आमच्या शहरात दुसरं पाइन नाही. कुणी एका डॉक्टरने फार पूर्वी दूरच्या डोंगरातून कुंडीत घालून ते आणलं होतं म्हणे. आतोबा कामाला लागले तेव्हा ते त्यांच्याएवढं होतं, निवृत्त झाले तेव्हा इमारतीएवढं. पेशंट त्याच्या सावलीत ताटकळायचे, नातेवाईक त्याच्याखाली रडायचे, आणि नवं बाळ घरी नेणारे हटकून त्याच्यासमोर फोटो काढायचे. मग एका वादळात ते अॅम्ब्युलन्सच्या रस्त्यावर कललं. तोडावं लागणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. आतोबांनी मुकाट्याने त्याचे शंकू गोळा केले, गच्चीवर वाळवले, उलगडलेल्या खवल्यांमधून बिया झटकून काढल्या आणि आमच्या अंगणात रोपं केली. ती बोटभर झाली, वीतभर झाली. पुढे झाड खरंच तुटलं, बुंधा उपटला गेला, आणि त्या जागी रस्ता रुंद करून काँक्रीट ओतलं गेलं. तोवर आतोबांची रोपं चांगली मांडीला लागत होती.

हॉस्पिटलच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी आतोबांना शब्द दिला होता. लहान मुलांचा नवा विभाग बांधून होत होता, त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेत हीच रोपं लावायची. अट एकच: उद्घाटनापर्यंत ती निरोगी आणि कमरेएवढी हवीत. नाहीतर ठेकेदार शोभेचे पाम लावून मोकळा होणार. आतोबांचा पामवर फार राग. "उलटा उभा केलेला झाडू," म्हणायचे.

आणि नेमके त्याच सुमारास आतोबा अंगणात ओल्या नळीवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. आत सळी घातली, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत सक्तीची विश्रांती. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते. अंगण तिथून दिसत नाही. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी बायकोला हाक मारली आणि म्हणाले, "अगं, तेवढं पोरांना पाणी घालत जा."

पडत्या फळाची आज्ञा. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या लाल पट्टी ओलांडून अंगणात शिरली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. रोपं बघायला नाही, शस्त्रक्रियेला निघाली होती.

संध्याकाळी मी घरी आले तर अंगण ओळखू येईना. कुंड्या घासून पालथ्या घातलेल्या, नळी गुंडाळलेली, खुरपी चकचकीत. आत्याने मला हाताला धरून एका रोपापाशी नेलं. ते कुंडीतून उपटून वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं होतं. मुळांच्या टोकांना पांढरे, कापसासारखे धागे लागलेले होते. तेच धागे मातीतही पसरले होते.

"बघ!" ती कुजबुजली. "बुरशी. सगळ्या रोपांना. यांच्या लक्षातच आलं नाही गं. बिचारे, डोळे अधू झालेत."

"सांगूया का आतोबांना?" मी विचारलं.

"कशाला? मोडक्या पायात आणखी हा घोर? मी आहे ना."

तिच्या त्या 'मी आहे ना'मध्ये केवढं प्रेम होतं, ते मी ऐकलंय. पुढे जे झालं त्याबद्दल तिच्यावर हसताना मला ते नेहमी आठवतं.

तिने एकूण एक रोप उपटलं. मुळं नळाखाली धुऊन लख्ख केली आणि जखमा धुवायच्या त्या जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढली. सगळी माती चाळली आणि वाफवली. मोठ्या पातेल्यात झाकण लावून, वर दगड ठेवून. पातेलं पुरेना तेव्हा माझा कुकर नेला. त्या कुकरमध्ये नंतर मी बटाटे उकडले, त्यांना पावसाळ्यातल्या रस्त्याची चव होती. निवृत्त होताना हॉस्पिटलमधून आठवण म्हणून आणलेली चिकटपट्टी तिच्याकडे होती. पुरेशी वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. प्रत्येक घाण्याला तिने पट्टी लावली, रेघा उमटल्या की "पास!" म्हणायची आणि पुढचं पातेलं चढवायची. मग त्या स्वच्छ कुंड्यांत, त्या स्वच्छ मातीत, ती स्वच्छ रोपं ओळीने उभी राहिली. ऑपरेशन थिएटरमध्ये लावायला काही हरकत नव्हती.

आतोबा वरून विचारायचे, "कशी आहेत पोरं?"

"ठणठणीत!" आत्या खालून ओरडायची. तेव्हा ते खरंही होतं.

पण दिवस जात राहिले आणि रोपं जिथल्या तिथेच. एक इंचही हलेनात. मग सुयांसारख्या पानांची टोकं जांभळट व्हायला लागली. आधी मला वाटलं औषधाचा रंग असेल. पण जांभळेपणा टोकाकडून खाली उतरत आला आणि त्याच्यामागून पिवळेपणा. आत्याने पाणी वाढवलं, मग कमी केलं. उन्हात हलवली, सावलीत आणली. दुकानातून खत आणलं, त्याने दोन रोपं सरळ वाळून गेली. करायला गेले एक अन् झाले भलतेच, अशी गत.

वरच्या खोलीत मात्र आमचं खोटं जोमाने वाढत होतं. आतोबा मला बोलवायचे, "दाखव बघू हाताने, कुठवर आली?" मी हात धरायचे. पुढच्या वेळी त्याहून जरा वर. त्यांचा चेहरा असा उजळायचा की माझा हात आपोआप आणखी वर जायचा. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. पाय वाकवताना आतोबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं, पण तिने 'पुरे' म्हटलं की तेच म्हणायचे, "आणखी एकदा. मला खाली वाकून खड्डा करायचाय." हा माणूस त्या रोपांसाठी उभा राहायला बघत होता, आणि रोपं खाली मरत होती. दुसरीकडून आणायची म्हटली तरी आणणार कुठून? झाड गेलं होतं, बिया संपल्या होत्या.

एका सकाळी मी आत्याकडे चहा प्यायले. कप टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. टेबलावर गोल डाग पडला आणि आत्या त्या डागाकडे नुसती बघत बसली. मी घाबरले. कप तसाच टाकून मी भिंगवालीला फोन केला.

भिंगवाली ही आत्याची हॉस्पिटलमधली मैत्रीण. जन्मभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. निवृत्त झाल्यावर लोक प्रवासाला जातात, हिने जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि डबक्यातलं पाणी, भिंतीवरचं शेवाळ, नवऱ्याच्या दाढीचे केस, जे मिळेल ते बघत सुटली. दोघी एकमेकींना जिवापाड जपत होत्या आणि रोज भांडत होत्या. आत्या जे मारायची ते भिंगवालीला बघायचं असायचं.

ती आली. अंगणात एक फेरी मारली. एका कुंडीतली माती चिमटीत घेतली. माती बोटांमधून वाळूसारखी झरली.

"हिला काय केलंस?"

"वाफवली," आत्या म्हणाली. आवाजात थोडा अभिमान अजून शिल्लक होता.

अंगणभर फिरत फिरत भिंगवाली पाण्याच्या टाकीमागे गेली आणि तिथून ओरडली, "आणि हे गं काय?"

टाकीमागे, भिंतीला टेकून, तेलाचा एक गंजका डबा होता. त्यात पाइनचं एक रोप होतं. काळपट हिरवं, दाट, आणि बाकीच्यांपेक्षा चांगलं वीतभर उंच.

आत्याचा चेहरा पडला. "राहिलंच की हे. दिसलंच नाही मला. त्याची माती तशीच घाण आहे."

"मग बघूया घाण," भिंगवाली म्हणाली, आणि मांडी घालून खाली बसली.

तिने डब्याच्या कडेची थोडी माती उकरली आणि मुळाचं एक बारीक टोक कापून घेतलं. कुंडीतल्या एका आजारी रोपाचंही घेतलं. दोन्ही काचेवर ठेवली. मी माझ्या दुकानातलं भिंगही आणून दिलं. आजारी रोपाचं मूळ उघडंबोडकं, तपकिरी. डब्यातल्या मुळाचं टोक मात्र बुटकं, जाडसर, दोन फाट्यांचं, आणि त्याच्यावर पांढरा मोजा चढवल्यासारखं आवरण. मोज्यातून धागे निघाले होते आणि मातीच्या कणाकणाला धरून होते.

"बुरशीच," आत्या म्हणाली.

"बुरशीच," भिंगवाली म्हणाली. "पण ही खाणारी नाही गं, आणून देणारी. मुळं जाड असतात, मातीच्या बारीक फटींत शिरत नाहीत. हे धागे शिरतात. दूरचं पाणी आणतात, स्फुरदासारखं मातीतलं पोषण आणतात, झाडाला देतात. झाड पानांत साखर करतं, त्यातला वाटा धाग्यांना देतं. एका हाताने टाळी वाजत नाही, तसं आहे हे. पाइनला तर यांच्याशिवाय करमतच नाही. आणि माती बघ, डब्यातली कशी धरून राहिली आहे. धाग्यांनी बांधलीय. तुझी वाफवलेली बघ, नुसता भुगा."

"मग यांनी कुठून आणली ही बुरशी?"

"जुन्या झाडाखालून. आतोबा तिथली मूठभर माती कालवत असणार कुंड्यांत."

हे खरं होतं. आतोबा प्रत्येक कुंडीत ती मूठ घालायचे. त्यांच्या आधीचा माळी घालायचा म्हणून. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"तर मग पुन्हा आणते तिथून!" आत्या उठलीच.

"कुठून आणतेस?" मी म्हटलं. "तिथे काँक्रीट आहे."

आत्या पुन्हा बसली. मग ती त्या दोन मुळांकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी मारलं." आणि माझी ती जंतूंचा काळ असलेली, नाकावर माशी न बसू देणारी आत्या, अंगणाच्या पायरीवर बसून रडायला लागली. मला इतकं वाईट वाटलं की मीही तिच्या शेजारी बसून रडले. भिंगवाली तेवढ्या वेळात आणखी एक मूळ बघत होती. ती तशीच आहे.

"आवरा आता," ती शेवटी म्हणाली. "एक मार्ग आहे. हे धागे एका रोपाशी थांबत नाहीत. शेजारी दुसरं पाइन असलं की त्याच्याही मुळांना जाऊन धरतात. जमिनीखाली सगळ्यांचं मिळून एकच जाळं होतं. डब्यातलं हे मधे लावायचं, बाकीची त्याच्याभोवती, सगळी एकाच मोठ्या वाफ्यात. धागे पोहोचले तर वाचतील."

"आणि नाही पोहोचले तर?"

"तर काय. हलवताना डब्यातल्याची मुळं दुखावतील. कदाचित तेही जाईल."

म्हणजे हातातलं एकुलतं एक झाड पणाला लावायचं, किंवा बाकीच्यांवर पाणी सोडून ते एक जपायचं. हे ठरवायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नव्हता. तो वर पलंगावर पडलेला होता.

आत्या तोंड धुऊन वर गेली. मी दारात. तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं: धुतलेली मुळं, जांभळं पाणी, पातेलं, कुकर, माझा खोटा हात. आतोबा ऐकत राहिले. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "तुझ्या आत्याला सांग, मला जरा एकट्याला पडू दे." आत्या तिथेच, पलंगापाशी उभी होती.

ती दुपार फार लांबली. "तुझ्या आत्याला सांग, पाणी हवंय." "तुझ्या आतोबांना सांग, शेजारीच ठेवलंय." एकाच खोलीत दोन माणसं आणि मधे मी, टपाल पोहोचवत. चहाच्या वेळेला मात्र आतोबा म्हणाले, "तुझ्या आत्याला सांग, तो डबा मला दाखव."

आत्या खाली गेली आणि डबा घेऊन आली. गंजका, तेलकट, तळाशी ओला चिखल, कडेला गोगलगाय. तिने तो पलंगावर ठेवला. पांढऱ्या, इस्त्रीच्या चादरीवर. खाली वर्तमानपत्रसुद्धा न घालता. आतोबांनी डब्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. आणि हसायला लागले. पाय दुखला म्हणून थांबले, आणि पुन्हा हसले.

"अगं, पोरांना आंघोळ घातलीस? जांभळ्या पाण्याने?"

"हो."

"आणि मातीला चिकटपट्टी लावलीस? पास झाली?"

"सगळी पास झाली हो," आत्या म्हणाली, आणि हसू की रडू हे न कळून दोन्ही केलं.

आतोबा डब्यातल्या रोपाच्या सुयांवरून बोट फिरवत राहिले. "हे सगळ्यांत मरतुकडं होतं. टाकून द्यायला जिवावर आलं म्हणून टाकीमागे ठेवलं मी." मग म्हणाले, "एकटं ठेवून काय करायचं त्याला? सगळ्यांना एकत्र घाला. गेली तर सगळी जातील, राहिली तर राहतील. तू घाल. स्वतःच्या हाताने."

अंगणात एक तडा गेलेला जुना बाथटब पडून होता. आम्ही तो मधोमध ओढला. माती यावेळी वाफवली नाही. कोपऱ्यातली, पालापाचोळ्याची, गांडुळांसकट घेतली. आत्याने मोजे चढवले आणि डब्यातलं रोप मातीच्या गोळ्यासकट हलकेच काढायला गेली. मोज्यांच्या बोटांना धागे कळेनात. तिने एक मोजा काढला. मग दुसरा. भिंगवाली काहीतरी बोलणार होती, मी तिला कोपर मारलं. आत्याने उघड्या हातांनी तो गोळा टबच्या मधे बसवला, त्याची सुटी माती आजारी रोपांच्या मुळांना चोळली, आणि एकेक रोप त्याच्याभोवती लावलं. आधी जवळची कड, मग बाहेरची.

नंतर नुसती वाट बघणं. मला वाट बघता येत नाही, मी रोज सकाळी जाऊन खोदून बघायचं म्हणायचे आणि भिंगवालीकडून बोलणी खायचे. "उगवलंय का बघायला रोज बी उकरणाऱ्यातली तू," ती म्हणायची. मधलं रोप आधी कोमेजलं. आठवडाभर आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हतो. मग ते सावरलं. बाहेरच्या कडेची काही मेली, ती आत्याने स्वतः उपटली.

आणि मग एका सकाळी तिची हाक आली. हाक कसली, आरोळी. मी ब्रश तोंडात घेऊन धावले. मधल्या रोपाला लागून असलेल्या एका रोपाच्या शेंड्याला हिरवा कोंब फुटला होता. नखाएवढा. आत्या टबभोवती फिरत टाळ्या वाजवत होती, या वयात, चपला न घालता. थोड्या दिवसांनी त्याच्या शेजारचं फुटलं. मग पलीकडचं. हिरवेपणा मधून बाहेर सरकत होता, आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे. डोळ्यांना न दिसणारं ते जाळं खाली कुठवर पोहोचलंय, ते वर कुठलं रोप हिरवं झालं त्यावरून आम्हाला रोज कळायचं. आत्या वरच्या मजल्यावर बातम्या द्यायची. "आज भिंतीकडचं!" "आज नळाकडची दोन!" आतोबांना राहवेना. ते काठी धरून मागच्या गॅलरीपर्यंत आले, कठड्याला टेकून उभे राहिले आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून मी हात दाखवायचे बंद केले.

आत्याने अर्थात आपला स्वभाव सोडला नाही. घरात ती पूर्वीइतकीच पुसते. फक्त आता शेजारणीने कुंडीतली पांढरी बुरशी दाखवली की आत्या आधी विचारते, "कुठली? खाणारी की आणणारी?" आणि भिंगवालीला बोलावणं जातं. एकदा तिने भिंगवालीला विचारलं, "काय गं, थोरलं झाड धाकट्याला या धाग्यांतून जेवण पाठवतं म्हणे, खरं का?" भिंगवाली म्हणाली, "काही शास्त्रज्ञ हो म्हणतात, काही नाही म्हणतात. भांडणं चालू आहेत त्यांची. मला भिंगातून एवढंच दिसतं, की धागा इथून निघाला आणि तिथे पोहोचला." आत्या म्हणाली, "तेवढं पुरे मला."

उद्घाटनाला उशीर झाला, इमारती नेहमी उशिराच पुऱ्या होतात. यावेळी आम्ही त्या उशिराचे आभार मानले. मोठ्या बाई स्वतः रोपं बघायला आल्या. कमरेला लावून पाहिली. स्वतःच्या कमरेला, आणि त्या तशा बुटक्या आहेत. "चालतील," म्हणाल्या. मोठ्या बाईंना मिठी मारावीशी वाटली होती असं आतोबांनी नंतर कबूल केलं. आत्या म्हणाली, मारायची होती, मी काही बोलले नसते.

लावणीच्या दिवशी हॉस्पिटलचा टेम्पो आला आणि आख्खा टब मातीसकट त्यावर चढला. नव्या विभागासमोर खड्डे तयार होते, एकमेकांपासून फार दूर नाहीत. आत्याने ठेकेदाराशी भांडून ते जवळ करून घेतले होते. वरच्या खिडक्यांतून मुलं बघत होती. कुणाच्या हाताला प्लास्टर, कुणाच्या नाकात नळी. जुन्या नर्सेस आल्या होत्या. वाफबाईला कोपरापर्यंत मातीत बघून त्या एकमेकींना चिमटे काढत होत्या.

आतोबांचं एक म्हणणं होतं. पहिलं रोप ते स्वतः लावणार, आणि ते डब्यातलं असणार. ज्याने बाकीच्यांना वाचवलं, त्याचा मान पहिला. बरोबरच होतं. त्यांनी काठी बाजूला ठेवली, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि गुडघा वाकवत वाकवत खाली बसले. हा पाय त्यांनी याच्यासाठीच कमावला होता. खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी हात पुढे केला.

"दे गं. डब्यातलं."

आत्या टबशी वाकली. टबमध्ये हिरवीच हिरवी गर्दी होती. मधलं रोप आता मधे राहिलं नव्हतं. प्रवासात माती हलली होती, बाजूची वाढून त्याच्या उंचीला आली होती, फांद्या फांद्यांत गुंतल्या होत्या. तिने एक बाजूला सारलं, दुसरं बाजूला सारलं. खाली मुळाशी हात घालून पाहिला. तिथे पांढरे धागे सगळ्यांनाच होते, एकाच्या मुळातून दुसऱ्याच्या मुळात गेलेले. कुठलं कुणाचं, काही कळायला मार्ग नव्हता. शंभर चिमट्यांतून आपला चिमटा नुसत्या स्पर्शाने ओळखणारी माझी आत्या पुन्हा पुन्हा बघत राहिली. भिंगवालीही वाकली. मीही वाकले.

"काय झालं?" आतोबांनी विचारलं.

आत्याने मान वर केली. तिचा चेहरा इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता, लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

"ओळखूच येत नाहीये हो," ती म्हणाली. "सगळी सारखीच झालीत."

आतोबांनी हात तसाच पुढे धरून म्हटलं, "मग कुठलंही दे."